न फळलेले भाकीत : योनाच्या कथेचा एक अन्वय

हिब्रू धर्मग्रंथातील बारा लघुसंदेष्ट्यांच्या गटात योनाचा ग्रंथ वेगळा उठून दिसतो. इतर अकरा ग्रंथांत मुख्यतः संदेष्ट्यांची वचने आहेत. योनाच्या ग्रंथात भविष्यवाणी एकच, तीही एका ओळीची. बाकी सगळी त्या संदेष्ट्याचीच गोष्ट आहे. चार अध्याय आणि ४८ वचने एवढाच त्याचा विस्तार. माशाने माणूस गिळला, तीन दिवस पोटात ठेवला आणि किनाऱ्यावर ओकून टाकला, एवढ्यावरच अनेकांची या ग्रंथाशी ओळख संपते. प्रत्यक्षात मासा जेमतेम तीन वचनांत येतो. कथेचा खरा भार शेवटच्या अध्यायावर आहे आणि तिथे माशाचे नावही नाही. तो अध्याय मध्यभागी ठेवून वाचले, की ही गोष्ट आपले बोल खरे ठरावेत या एका माणसाच्या हट्टाची, आणि तो हट्ट न पुरवणाऱ्या दयेची आहे, असे दिसते.

कथानक

अमित्तयाचा मुलगा योना याला परमेश्वराची आज्ञा होते : निनवेला जा आणि त्या शहराला त्याच्या दुष्टपणाबद्दल बजाव. निनवे ईशान्येला, खुष्कीच्या वाटेवर. योना उलट दिशा धरतो. याफो बंदरात येऊन, भाडे भरून, तो तार्शीशला निघालेल्या गलबतात चढतो. तार्शीश म्हणजे दक्षिण स्पेनमधील टार्टेसस असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या काळच्या कल्पनेनुसार पश्चिमेचे ते जवळजवळ शेवटचे टोक.

समुद्रात वादळ उठते. खलाशी आपापल्या देवांचा धावा करतात, माल समुद्रात लोटून गलबत हलके करतात. योना मात्र तळाशी गाढ झोपलेला असतो. तांडेल त्याला उठवून, तूही तुझ्या देवाला हाक मार, असे सांगतो. चिठ्ठ्या टाकल्यावर योनाचे नाव निघते. तो दोष कबूल करतो आणि आपल्याला समुद्रात टाकायला सांगतो. खलाशी लगेच तसे करत नाहीत. ते जिवाच्या आकांताने वल्ही मारून किनारा गाठू पाहतात. ते जमत नाही, तेव्हा या अनोळखी माणसाच्या रक्ताचा दोष आमच्यावर येऊ देऊ नकोस, अशी त्याच्याच देवाची विनवणी करून मग त्याला पाण्यात सोडतात. समुद्र शांत होतो.

माशाच्या पोटात तीन दिवस आणि तीन रात्री काढल्यावर योना किनाऱ्याला लागतो. आज्ञा पुन्हा होते आणि या खेपेला तो जातो. चाळीस दिवसांनी निनवे उलथून पडेल, एवढेच तो शहरात सांगतो. शहर ऐकते. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो, माणसांबरोबर गुराढोरांनाही उपास घडतो आणि त्यांच्याही अंगावर गोणपाट चढते. परमेश्वर ठरवलेले अरिष्ट मागे घेतो. यानंतर योना संतापतो, आणि कथेचा मूळ प्रश्न इथे उभा राहतो.

शब्दशः वाचनाची अडचण

माशाची गोष्ट खरी की खोटी, हा वाद जुना आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनने एका पत्रात या कथेवर हसणाऱ्या मूर्तिपूजकांच्या शंकेला उत्तर दिले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेम्स बार्टली नावाच्या खलाशाला देवमाशाने गिळले आणि तो जिवंत बाहेर आला, अशी बातमी इंग्रजी वृत्तपत्रांत गाजली. पुढच्या तपासात तिला आधार सापडला नाही. अशी बातमी खरी निघाली असती, तरी कथेच्या अर्थात काही भर पडली नसती.

ही बखर म्हणून वाचू नये, याच्या खुणा ग्रंथातच आहेत. निनवे ओलांडायला तीन दिवस लागतात असे कथा म्हणते. आजच्या इराकमधील मोसुलसमोर, टायग्रिसच्या पूर्व तीरावर त्या शहराचे अवशेष आहेत, आणि त्याच्या तटबंदीचा पूर्ण घेर सुमारे १२ किलोमीटर भरतो. दुसऱ्या राजे ग्रंथात योना नावाचा संदेष्टा येतो तो दुसऱ्या यराबामाच्या, म्हणजे इ.स.पू. आठव्या शतकातील इस्राएलच्या राजाच्या काळात. तेव्हा निनवे अश्शूर साम्राज्याची राजधानी नव्हती. सन्हेरीब राजाने ती तिथे आणली इ.स.पू. ७००च्या सुमारास. कथेतील राजाला नाव नाही आणि तो अश्शूरचा नव्हे, निव्वळ निनवेचा राजा आहे. अश्शूरी राजांनी आपल्या मोहिमांचे तपशीलवार लेख कोरून ठेवले, पण संपूर्ण राजधानीने परक्या देवापुढे पश्चात्ताप केल्याचा उल्लेख त्यांत कुठे नाही. बहुतेक अभ्यासक ग्रंथाची रचना यहुद्यांच्या बाबिलोनमधील बंदिवासानंतरची मानतात, आणि तोपर्यंत निनवेचे ढिगारे झाले होते. ते शहर मीड आणि बाबिलोनी सैन्याने इ.स.पू. ६१२ मध्ये पाडले.

कथेची बांधणीही विचारपूर्वक केलेली आहे. पहिल्या भागात खलाशी आणि तांडेल, दुसऱ्या भागात नगरवासी आणि राजा, असे परक्यांचे दोन समूह समोरासमोर ठेवले आहेत. दोन्ही समूह चटकन वळतात. वारा, मासा, झाड, कीड, सगळे सांगितलेले काम करतात. आज्ञा मोडणारा एकटा संदेष्टाच आहे. गोणपाट पांघरलेली गुरे वाचताना हसू येते आणि ते यावे अशीच योजना दिसते. यहुदी परंपरेलाही असे वाचन परके नाही. ईयोब नावाचा माणूस झालाच नाही, ती एक दृष्टांतकथा होती, असे मत तालमुद या यहुदी धर्मग्रंथात नोंदलेले आहे. मध्ययुगीन जोहर ग्रंथात योना म्हणजे देहरूपी गलबतात उतरलेला जीवात्मा, असे रूपक मांडले आहे.

पळण्याचे कारण

योना का पळाला, हे कथा तीन अध्याय लपवून ठेवते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते, तो निनवेच्या क्रूर लोकांना भ्यायला असेल. खरे कारण चौथ्या अध्यायात त्याच्याच तोंडून बाहेर पडते. तू कनवाळू आहेस, रागाला मंद आहेस, अरिष्ट मागे घेणारा आहेस, हे मला घरी असतानाच ठाऊक होते आणि म्हणूनच मी पळालो, असे तो परमेश्वराला सुनावतो. त्याला निनवे आपले ऐकणार नाही याची धास्ती नव्हती. ती ऐकेल आणि वाचेल, याची होती.

ही गुणांची यादी योनाने मनाने रचलेली नाही. निर्गम ग्रंथात सोन्याच्या वासराच्या पूजेच्या अपराधानंतर, सीनाय पर्वतावर, मोशेसमोर परमेश्वराचे हेच गुण उच्चारले गेले होते. त्या प्रसंगी नष्ट होण्याच्या काठावर असलेले लोक योनाचेच पूर्वज होते. ज्या गुणांमुळे आपली वंशवेल टिकली, त्याच गुणांची तो आता तक्रार करतो. कथाकार यावर एक शब्दही बोलत नाही. मूळ प्रसंग श्रोत्यांना पाठ असल्यामुळे त्याची गरजही नव्हती.

योनाच्या रागाला आणखी एक धार आहे. संदेष्ट्याने सांगितलेले घडले नाही, तर ते वचन परमेश्वराचे नव्हे, अशी कसोटी अनुवाद ग्रंथाने घालून दिली आहे. निनवे वाचली की त्या कसोटीवर योना खोटा ठरतो. पिर्के द रब्बी एलिएझर या उत्तरकालीन यहुदी ग्रंथाने ही गोम बरोबर हेरली. तिथली गोष्ट अशी की योनाला आधी जेरुसलेमच्या नाशाचा इशारा द्यायला पाठवले होते. लोक सुधारले, नाश टळला आणि योनाला खोट्या संदेष्ट्याचे बिरुद चिकटले. तीच फजिती परक्यांसमोर पुन्हा व्हायला नको, म्हणून तो पळाला.

या पेचाचे उत्तर हिब्रू परंपरेत अन्यत्र सापडते. एखाद्या राष्ट्राच्या नाशाचे वचन दिल्यावरही ते राष्ट्र वाईट वाटेवरून वळले तर अरिष्ट मागे घेतले जाते, असे यिर्मयाच्या ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे. बाराव्या शतकात यहुदी पंडित मायमोनिदीसने याच धोरणाने नियम बांधला : अरिष्टाचे भाकीत फळले नाही म्हणून संदेष्टा खोटा ठरत नाही. त्याने दिलेल्या दाखल्यांत निनवे आहे. पुराची सूचना मिळताच गाव वेळीच टेकडीवर गेले आणि कोणी दगावले नाही, तर सूचना देणाऱ्याला कोणी लबाड म्हणत नाही. इशारा चुकावा म्हणूनच द्यायचा असतो. योनाने मात्र इशाऱ्याला निकाल समजून घेतले. ऐकणाऱ्यांच्या जिवापेक्षा आपल्या शब्दाची पत त्याला मोठी वाटली. जे धर्माच्या, नीतीच्या किंवा न्यायाच्या नावाने दुसऱ्याला बजावतात, त्या सगळ्यांपुढचा हा मोह आहे.

मासा

या दृष्टीने पाहिले तर माशाचे काम उलगडते. मासा सहसा शिक्षा म्हणून रंगवला जातो. कथेत तो सुटका आहे. बुडणाऱ्या माणसाला तो उचलतो आणि जमिनीवर पोचवतो. पोटातून योना जी प्रार्थना करतो, तीही बहुतांशी प्राण वाचल्याबद्दलच्या उपकारस्मरणाची आहे. लाटा डोक्यावरून गेल्या, शेवाळ मस्तकाला गुंडाळले, मी पर्वतांच्या मुळांपर्यंत खाली गेलो आणि तू मला वर आणलेस, असा तिचा आशय आहे.

या प्रार्थनेत जे नाही, ते तितकेच महत्त्वाचे आहे. मी आज्ञा मोडली, असे योना कुठेच म्हणत नाही. निनवेचा उल्लेख नाही, खलाशांचा नाही. उलट निरर्थक मूर्तींना धरून बसणारे लोक दयेला मुकतात, असा टोला त्यात आहे. ज्यांनी त्याला वाचवण्यासाठी वल्ही मारली, ते मूर्तिपूजकच होते, आणि तो हे म्हणतो आहे त्या वेळी ते वर गलबतात याच परमेश्वराला नवस बोलून चुकले आहेत. पदरी पुण्य नसताना दया मिळाली, तरी माणूस जसाच्या तसा राहू शकतो. योना बाहेर येतो तो आज्ञाधारक झालेला, बदललेला नव्हे.

मांडव आणि झाड

शेवटचा प्रसंग शहराबाहेर घडतो. शहराच्या पूर्वेला योना एक मांडव घालतो आणि आता काय होते ते पाहत बसतो. परमेश्वर तिथे एक झाड उगवतो. ते एरंडाचे असावे, असा बऱ्याच अभ्यासकांचा अंदाज आहे. एका रात्रीत ते वाढते, डोक्यावर सावली धरते आणि योनाला फार आनंद होतो. पूर्ण ग्रंथात तो खूश झालेला दिसतो तो एवढ्या एका ठिकाणी. गलबत वाचले, शहर वाचले, तेव्हा त्याला आनंद झाला नव्हता. दुसऱ्या पहाटे कीड झाडाला लागते आणि ते सुकते. मग पूर्वेचा तापलेला वारा सुटतो, ऊन डोक्यावर येते, योनाला घेरी येते आणि तो मरण मागतो. झाडासाठी एवढे रागावणे बरे आहे का, असे विचारल्यावर, मरेपर्यंत रागावलो तरी बरेच आहे, असे तो फटकारतो.

यावर परमेश्वर विचारतो : ज्याच्यासाठी तू राबला नाहीस, जे एका रात्रीत आले आणि एका रात्रीत गेले, त्या झाडाची तुला हळहळ वाटते, मग उजवा हात कोणता आणि डावा कोणता हेही न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे ज्या शहरात आहेत, त्याची मला वाटू नये काय? या प्रश्नावर ग्रंथ संपतो. योनाचे उत्तर लिहिलेले नाही.

या युक्तिवादात दोन गोष्टी बारकाईने पाहण्याजोग्या आहेत. पहिली, त्याची सुरुवात सिद्धान्तापासून होत नाही. परमेश्वर योनाला न्याय आणि दया यांवर प्रवचन देत नाही. तो त्याला काही तरी लाभू देतो आणि गमावू देतो. योनाची हळहळ स्वार्थाची आहे, कारण गेलेली सावली त्याची होती. तरीही तीच कच्ची, आपमतलबी हळहळ पुरेशी मानून संवाद पुढे नेला जातो. दुसरी गोष्ट अधिक अनपेक्षित आहे. निनवेला का सोडले, याचे कारण देताना परमेश्वर तिच्या पश्चात्तापाचे नावही घेत नाही. उपास, गोणपाट, राख, यांतले काहीच इथे येत नाही. येतो तो लोकांचा अजाणपणा, त्यांची संख्या आणि मुकी जनावरे. आधी विनोदासाठी आलेली गुरे इथे गंभीरपणे मोजली जातात. पश्चात्तापाने नाश टळला, पण दयेचे मूळ त्याच्याही मागे आहे, असे कथा सुचवते.

योनाची बाजू

योनाला कोत्या मनाचा ठरवून मोकळे होणे सोपे आहे आणि ते बरोबर नाही. राजे ग्रंथातला योना गथ-हेफेरचा, म्हणजे गालीलमधला. अश्शूरचा राजा तिसरा तिग्लथ-पिलेसर याने इ.स.पू. ७३३-७३२च्या सुमारास गालील जिंकून तिथले लोक बंदी करून नेले. इ.स.पू. ७२२च्या सुमारास राजधानी शोमरोन पडली आणि इस्राएलचे उत्तरेचे राज्य संपले. इ.स.पू. ७०१ मध्ये सन्हेरीबाने दक्षिणेच्या यहूदा राज्यावर स्वारी करून लाखीश शहर घेतले. त्या वेढ्याची शिल्पे त्याने निनवेच्या राजवाड्यात कोरून घेतली, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. खांद्यावर ओझी घेऊन निघालेली लाखीशची कुटुंबे आणि खुंटांवर चढवलेले कैदी त्यांत दिसतात.

बंदिवासानंतरच्या श्रोत्याला हे सगळे माहीत होते. कथेतल्या निनवेला सोडणे म्हणजे योनाच्याच नातवंडांना संकटात लोटणे, हे त्याला दिसत होते. बारा संदेष्ट्यांच्याच गटात नहूमाचा ग्रंथ आहे आणि तो निनवेच्या पाडावाचा उघड जल्लोष करतो. संकलकांनी दोन्ही ग्रंथ ठेवले. प्राचीन रब्बींनीही योनाची बाजू टाकून दिली नाही. मेखिल्ता या भाष्यग्रंथात म्हटले आहे, की योनाने पुत्राचा म्हणजे इस्राएलचा मान राखला, पित्याचा म्हणजे परमेश्वराचा राखला नाही. परके पटकन सुधारले, तर वारंवार बजावूनही न ऐकणारे आपले लोक दोषी ठरतील, ही त्याची भीती होती. जेरुसलेमच्या तालमुदात तर निनवेचा पश्चात्ताप ढोंगी होता, असेही मत आहे. आधुनिक काळात काही युरोपीय ख्रिस्ती अभ्यासकांनी योनाला यहुदी संकुचितपणाचा नमुना ठरवले. त्यांच्या नजरेतून एवढेच सुटले, की ही टीका यहुदी लेखकाची आहे आणि यहुद्यांनीच ती जपली आहे.

परंपरांनी काय निवडले

प्रत्येक परंपरेने या कथेतला वेगळा भाग उचलला. मत्तयाच्या शुभवर्तमानात माशाच्या पोटातील तीन दिवस येशूच्या कबरीतील काळाची खूण होतात, आणि रोमच्या भुयारी दफनभूमींतील चित्रांत योना वारंवार भेटतो. कुराणात तो यूनुस आहे. तिथे अंधारातून केलेली त्याची प्रार्थना आणि संदेष्ट्याने धरावयाचा धीर यांवर भर आहे. सिरियाक परंपरेच्या चर्चांनी शहराचा उपास घेतला. निनवेचा तीन दिवसांचा उपास केरळमधील सिरियन ख्रिस्ती आजही पाळतात. मोसुलमधील एका टेकाडाला नबी यूनुस असे नाव आहे. ज्याने त्या नगरीचा नाश पाहण्यासाठी मांडव घातला, त्याच संदेष्ट्याला तिथल्या लोकांनी शतकानुशतके आपला मानून आदर दिला. तिथली मशीद इस्लामिक स्टेटने जुलै २०१४ मध्ये सुरुंग लावून उडवली.

यहुदी उपासनेत पूर्ण ग्रंथ वाचला जातो, योम किप्पूरच्या म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, दुपारच्या प्रार्थनेत. कोकणातील बेने इस्राएल या यहुदी समाजात हा दिवस पूर्वी दारे लावून, बाहेरच्यांचा संपर्क टाळून उपासात घालवण्याचा होता. सिनेगॉगमधल्या वाचनात त्याच दिवशी बाहेरच्यांची गोष्ट समोर येते. उपाशी श्रोता त्या वेळी स्वतःसाठी क्षमा मागत असतो, आणि ती शत्रूलाही मिळाली तर चालेल का, असे त्याला विचारले जाते. या वाचनाला मीखाच्या ग्रंथातील शेवटची तीन वचने जोडण्याचा प्रघात अनेक ठिकाणी आहे. त्यांत पापे समुद्राच्या खोलीत टाकून देणारा देव आहे.

अन्वयाची मर्यादा

या वाचनातून सरसकट क्षमेचा उपदेश काढता येत नाही. मिश्ना या प्राचीन यहुदी नियमसंग्रहातील एका प्रसिद्ध वचनाप्रमाणे, देवाने निनवेकरांचे गोणपाट आणि उपास पाहिले असे ग्रंथात म्हटलेले नाही. त्यांची कृत्ये पाहिली, असे म्हटले आहे. म्हणजे वागणे बदलणे हा भाग राहतोच. दुसरे, योनाला कोणीही निनवेला क्षमा करायला सांगत नाही. त्याच्याकडून मागितलेल्या गोष्टी दोनच आहेत : इशारा पोचवणे, आणि तो ऐकून कोणी वाचले तर ते सोसणे. पीडितांनी क्षमा करावी की नाही, हा प्रश्न कथा हातात घेत नाही, आणि तिच्यातून त्याचे उत्तर ओढून काढू नये.

ती ज्याला हात घालते तो प्रश्न मर्यादित पण अवघड आहे : आपण ज्याला वाईट म्हटले तो वाईट राहिला नाही, तर आपल्याला आनंद होईल की आपला पराभव झाला असे वाटेल? मासा खरा होता की नाही, याच्या निकालाने या प्रश्नाचे ओझे कमी होत नाही. म्हणूनच ही कथा इतिहास म्हणून टिकली नाही, तरी उपासनेत टिकून राहिली.